बघता येणारी माणसं शोध

प्रिय पोरी,

ट्रॅकवर मोटरसायकल चालवायला शिकवणाऱ्या तुझ्या शाळेचा आराखडा दोनदा वाचला. ट्रॅकचं भाडं, गाड्या नेण्या-आणण्याचा टेम्पो, टायर, ब्रेक पॅड, जेवणखाण, सगळं धरलं आहेस. मी अडलो ते एका ओळीवर: ‘प्रशिक्षक – पाच, सगळे राष्ट्रीय स्पर्धेतले पोडियमवाले’, म्हणजे पहिल्या तिघांत आलेले. त्याखाली ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारे मार्शल, मेकॅनिक, डॉक्टर, नोंदणी सांभाळणारं माणूस, या सगळ्यांना मिळून ‘इतर’ हा एक रकाना. तुझी शाळा उभी राहील की नाही हे त्या ‘इतर’मध्ये आणि त्या पाच जणांच्या निवडीत ठरणार आहे. म्हणून आज लिहितोय ते बहुतेक माणसांबद्दलच.

ट्रॅकचं आधी संपवू. पुण्याहून कोइम्बतूर काय नि चेन्नई काय, दोन्ही बाराशे किलोमीटरच्या आसपास. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, तर कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमचा कारी मोटर स्पीडवे साधारण २.१ किलोमीटरचा. पहिलं वर्ष कोइम्बतूरलाच कर. छोट्या ट्रॅकवर वेग आटोक्यात राहतो आणि तेच वळण विद्यार्थ्याला लवकर लवकर पुन्हा भेटतं. शिकायला हेच लागतं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०२३ साली मोटोजीपी ही मोटरसायकलची जागतिक शर्यत झाली, तो ५ किलोमीटरहून मोठा आहे आणि त्याचा सरळ पट्टाच एक किलोमीटरच्या वर जातो. नवशिक्यांना घेऊन तिथे जाऊ नकोस, कुणी कितीही गळ घातली तरी.

आता ते पाच जण. चांगला रेसर चांगला शिक्षकही असू शकतो, असे लोक मी पाहिले आहेत. पण रेसरचं ज्ञान त्याच्या अंगात मुरलेलं असतं. त्याला ‘तू इथे काय करतोस?’ असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो ते पुष्कळदा त्याच्या हातापायांनी प्रत्यक्षात केलेलं नसतं. आणि तुझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण मुळात वेगाची नसते, भीतीची असते. वळणात भीती वाटली की नवखा माणूस थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडतो, हँडल आवळून धरतो आणि ज्याची भीती वाटते तिकडेच टक लावून बघत राहतो. थ्रॉटल एकदम सुटला की वजन पुढच्या चाकावर येतं, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दबतो, खाली जमिनीपासूनचं अंतर कमी होतं. आवळलेल्या हँडलमुळे गाडीला स्वतःहून सावरायला वाव राहत नाही. आणि नजर जिथे खिळली तिथेच गाडी जाते. हे सगळं एका सेकंदात होतं. यातलं आधी काय झालं, हे मागून येणाऱ्या कोचला दिसलं पाहिजे.

एक उदाहरण देतो, कारण सगळा धंदा त्यात आहे. विद्यार्थी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत येतो आणि म्हणतो, ‘वळणातून बाहेर पडताना मी फार रुंद जातोय.’ नुसता वेगवान माणूस त्याला सांगेल, ‘अजून झुकव.’ तो झुकवतो, टायर घाबरट हातांनी धरलेल्या हँडलला कंटाळतो आणि माणूस खाली. खरं कारण बहुतेक वेळा वळणाच्या सुरुवातीला असतं: भीतीपोटी तो लवकर वळायला लागलेला असतो, म्हणून मध्येच गाडी पुन्हा पुन्हा वळवावी लागते आणि शेवटी जागा उरत नाही. बघणाऱ्या कोचला त्याचं हेल्मेट पुढच्या वळणाकडे फिरलं नाही हे दिसतं, ताठ कोपर दिसतात, एकाच वळणात दोन-तीनदा केलेली दुरुस्ती दिसते. मग तो झुकण्याबद्दल अक्षर बोलत नाही. वळायची जागा डांबरावर दाखवतो आणि म्हणतो, ‘इथपर्यंत थांब.’

तर निवड अशी कर. लॅप टाइम विचारू नकोस. उमेदवाराला मागे ठेव आणि पुढे कुणीतरी नवशिक्याचं सोंग घेऊन चालवू दे, ठरवून एकच चूक करत: प्रत्येक लॅपला एकाच वळणात लवकर वळायचं, बाकी सगळं ठीक. मग पिटमध्ये आल्यावर उमेदवाराचं पहिलं वाक्य ऐक. ‘लाइन चुकतेय’ (म्हणजे वळणातला गाडीचा मार्ग) असं नुसतं म्हणणाऱ्याला काही दिसलेलं नाही. चार चुका धडाधड सांगणाऱ्याला दिसतं, पण शिकवता येत नाही. त्याच्यावर मेहनत घेता येईल. जो विचारतो, ‘त्या वळणात तू वळायला नेमकी कुठे सुरुवात करतोस?’ त्याला लगेच घे, मग त्याच्या घरी एकही करंडक नसला तरी चालेल. दुसरी चाचणी याहून सोपी दिसते आणि बहुतेक जण तिथेच गळतात: नवशिक्याच्या वेगाने, आरशाशिवाय, मागे काय चाललंय याचं भान ठेवून सलग काही लॅप पुढे चालवायचं. कंटाळून ज्याचा वेग हळूहळू वाढत जातो त्याच्यामागचा विद्यार्थीही वाढवत जातो, आणि तो विद्यार्थी त्या वेगाला तयार नसतो.

शिकवण्याची घडी कशी बसवायची ते अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोड यांच्या पद्धतीतून बघ. त्यांनी १९८० साली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल काढलं आणि ते स्कूल आपल्याकडे चेन्नईच्या ट्रॅकवरही वर्ग घेत आलंय. त्यांच्या पहिल्या पातळीत दिवसभर आधी वर्गात एक गोष्ट, मग ट्रॅकवर तीच एक गोष्ट, असं चालतं: थ्रॉटल कंट्रोल, मग वळायची जागा, मग चटकन वळवणं, असं पुढे. त्यांचा अभ्यासक्रम उचलू नकोस, तो त्यांचा आहे. पण एका सेशनला एकच गोष्ट, हा नियम तुझ्या प्रत्येक कोचने पाळलाच पाहिजे. विद्यार्थ्याचं लक्ष आधीच भीतीने खाल्लेलं असतं. उरलेल्या लक्षात दोन सूचना मावत नाहीत.

पाच हा आकडा मला पटतो, फक्त कामं वाटून घे. चोवीस विद्यार्थी, बारा-बारांचे दोन गट, एक ट्रॅकवर तेव्हा दुसरा वर्गात. एका कोचकडे चार, म्हणजे तिघे ट्रॅकवर, एक वर्गात आणि एक मोकळा. त्या मोकळ्या माणसाचे पैसे वाचवायचा मोह तुला दुसऱ्याच महिन्यात होईल. वाचवू नकोस. दुपारी बाराच्या उन्हात लेदर सूटमध्ये तीन-चार सेशन झालेला कोच बघायचं थांबतो, नुसता चालवत राहतो. त्याला बसवून पाणी पाजायला, सावलीत ठेवायला पाचवा लागतोच. पाचांत एक तरी बाई असू दे, आणि त्यात स्वतःला धरू नकोस. तुझ्यामुळे मुली येतील. गाडीवर कसं बसायचं हे शिकवताना खांदा धरून, गुडघा हलवून दाखवावं लागतं, आणि तिथे अवघडलेपण आलं की शिकणं थांबतं.

स्वतःला धरू नकोस म्हटलं, कारण त्या दिवशी तुझी जागा कंट्रोलमध्ये, सगळ्या ट्रॅकवर लक्ष ठेवायच्या जागी आहे. हातात रेडिओ, समोर घड्याळ, अंगात सूट नाही. मालकच ट्रॅकवर फेऱ्या मारत असेल तर सेशन थांबवायचा निर्णय कुणी घ्यायचा? आणि थांबवायचा अधिकार सगळ्यांना हवा. मार्शल, मेकॅनिक, कोच, पिटलेनच्या तोंडाशी उभा असलेला नवा पोरगा, कुणीही लाल झेंडा मागितला की तो निघाला पाहिजे. मागणं चुकीचं निघालं तरी त्या दिवशी त्याला जाब विचारायचा नाही. एकदा विचारलास की पुढच्या वेळी तो दोन सेकंद विचार करत बसेल.

लाल झेंड्याचा सराव सकाळीच करून घे, काहीही घडलेलं नसताना. दिसला की हात वर करून मागच्याला कळवायचं, वेग हळूहळू उतरवायचा, जोरात ब्रेक मारायचा नाही, ओव्हरटेक नाही, शांतपणे पिटमध्ये. ‘कळलं का?’ असं विद्यार्थ्याला विचारू नकोस. साताऱ्याचा, इचलकरंजीचा मुलगा इंग्रजी ब्रीफिंगला मान डोलावतो आणि लाजेने विचारत नाही. त्याच्याशी मराठीत बोल आणि त्याच्या तोंडून वदवून घे: ‘पिवळा झेंडा, म्हणजे पुढे धोका, दिसला तर काय करशील?’ तो सांगेल तेव्हाच त्याला ट्रॅकवर जायची पट्टी हातावर बांध. उलट बाजूने, तिथले मार्शल स्थानिक असतात, आपसात तमिळ बोलतात. घाईच्या क्षणी माणूस स्वतःच्या भाषेत बोलतो. तेव्हा रेडिओवर तुझ्या शेजारी तमिळ चांगलं येणारं एक माणूस दिवसभर हवं. हा पगार तुझ्या तक्त्यात नाही, तो घाल.

ॲम्ब्युलन्स तू एक धरली आहेस. ती जखमीला घेऊन रुग्णालयाकडे निघाली की ट्रॅक बंद, परत येईपर्यंत एकही चाक फिरवायचं नाही. दोन ठेव, दिवस वाचेल. डॉक्टर ट्रॅकच्या अपघातांचा अनुभव असलेला बघ, आणि त्याचा शब्द शेवटचा. पडलेल्या माणसाचं हेल्मेट प्रशिक्षित हातांशिवाय कुणी काढायचं नाही. डोक्याला मार लागलेला विद्यार्थी ‘मी एकदम ठीक आहे’ म्हणेल, पैसे भरलेत म्हणेल, रडेलही. त्या दिवशी तो पुन्हा गाडीवर बसणार नाही. हे कोचने ठरवायचं नाही, तूही नाही.

स्क्रुटिनीला, म्हणजे ट्रॅकवर जाण्याआधी गाड्या तपासायला, मेकॅनिक निवडताना त्याचा हात किती चालतो यापेक्षा त्याला ‘नाही’ म्हणता येतं का ते बघ. कुणीतरी स्वतःची गाडी बाराशे किलोमीटर टेम्पोत घालून आणलेली असते, सोबत मित्र, कॅमेरे. आणि रेडिएटरमध्ये ग्लायकॉलवाला कूलंट सापडतो. तो ट्रॅकवर सांडला की पाण्यासारखा उडून जात नाही, तेलासारखा निसरडा राहतो आणि मागच्या चौघांना खाली घालतो. ते काढून साधं पाणी भरेपर्यंत गाडी पिटच्या बाहेर जाणार नाही, हे शांतपणे, आवाज न चढवता सांगणारा माणूस हवा. तेलाचा ड्रेन प्लग सुटू नये म्हणून बांधलेली लॉक वायर, चेनचा ताण, ब्रेक पॅड, सोडल्यावर थ्रॉटल आपोआप मिटतो की नाही, टायरचं वय, आरसे उतरवले का, हेडलाइटवर टेप आहे का, हे सगळं तो बघेल. तू फक्त त्याच्या मागे उभी राहा. ओळखीचा माणूस आला म्हणून त्याचा निर्णय एकदा जरी फिरवलास तर उद्यापासून स्क्रुटिनी उरणार नाही.

पैशांबद्दल. कोचला दिवसाचा ठरलेला मेहनताना, प्रवास आणि मुक्काम दे. विद्यार्थ्याचा लॅप टाइम किती उतरला यावर बक्षीस कधीही ठेवू नकोस. कोचने तिथेच स्वतःची शिकवणी विकायची नाही, टायर-सूटचा धंदा करायचा नाही. त्याला जोरात चालवायची हौस असणारच, ती रास्त आहे. त्याच्यासाठी विद्यार्थी ट्रॅकवर नसताना दिवसअखेर वेगळं सेशन ठेव. रोज संध्याकाळी सगळ्यांना बसवून प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल दोन ओळी लिहून घे. ज्या कोचच्या वहीत ‘छान चालवलं’ याखेरीज काही नसतं त्याच्याशी बोलायची वेळ आली आहे.

विम्याचा कागद नीट वाच. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नसतं, आणि ट्रॅकवरचे दिवसही त्यात येतात असं कंपनी म्हणू शकते. विद्यार्थ्याला हे पैसे भरायच्या आधी सांग, मागाहून नको. आणि त्यांच्याकडून सही घेतलेला जोखमीचा कागद तुझ्या हलगर्जीपणाला माफी देत नाही, हे तुझ्या वकिलाकडून समजून घे. चमूचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढ, मार्शलसकट.

तू विचारलं होतंस की हा एवढा खटाटोप कशासाठी, लोक तर हायवेवर शिकतातच. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. यातली सगळी वळणात पडली नाहीत, ट्रॅक स्कूलने सगळी वाचली असती असंही नाही. पण समोर अचानक काही आलं की नजर कुठे न्यायची आणि हात सैल कसे ठेवायचे, हे ज्याला कुणी बसून शिकवलंय तो घरी जातानाही तसाच चालवतो. तुझ्या कोचने जे पाहिलं ते त्याच्यासोबत कात्रजच्या घाटात जाणार आहे. म्हणून मला ती पाच नावं एवढी महत्त्वाची वाटतात.

तारखांचं एक राहिलं. आपला पाऊस सप्टेंबरअखेर उतरतो म्हणून तू ऑक्टोबर-नोव्हेंबर धरले आहेस. तमिळनाडूत तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, डिसेंबरपर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस माग, आणि आत्ताच माग.

पुढच्या पत्रात कोचची नावं शेवटी लिही. आधी कंट्रोलला तुझ्या शेजारी कोण, रेडिओवर कोण, स्क्रुटिनीला कोण, डॉक्टर कोण, ते कळव. कोचच्या चाचण्या घेशील तेव्हा मला बोलव. नवशिक्याचं सोंग मी घेतो, तू पिटमध्ये उभी राहून त्यांची पहिली वाक्यं ऐक.

तुझा,
काका