सगळ्यांच्या वतीने बोलायचंय, कसं बोलू?

प्रश्न : आमच्या परचेसवाल्यांच्या संघटनेच्या कॉन्फरन्सला शाखेने यंदा मला प्रतिनिधी म्हणून निवडलंय. पहिलीच वेळ आहे. माझं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं असेल तर काय करायचं?

उत्तर : आधी अभिनंदन! जायच्या आधी मेंबरांना फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही, कारण ग्रुपवर नेहमीचेच चारजण बोलतात आणि जो एकटाच सगळं खरेदी खातं सांभाळतो त्याला तिथे लिहायला वेळच नसतो, खरी अडचण मात्र त्याचीच असते. मतदान असेल तर शाखेने जे ठरवलंय तेच मत द्या, ते तुमचं नाहीये. स्वतःचं मत मांडायचं असेल तर "हे माझं वैयक्तिक" असं स्पष्ट म्हणा आणि मगच बोला.

आणि नीट वाचून जा हो. समजा शाश्वत खरेदीवर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाचा विचार करून केलेल्या खरेदीवर, ठराव आला आणि कुणी म्हणालं की सगळ्यांना त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचं, आयएसओ २०४०० चं, सर्टिफिकेट घ्यायला लावू, तर तुम्हाला माहीत हवं की २०१७ चं ते स्टँडर्ड फक्त मार्गदर्शनासाठी आहे, सर्टिफिकेशनसाठी नाहीच. एवढं एक वाक्य वेळेवर बोललात तरी मेंबरांचा पुढचा केवढा त्रास वाचेल!

सप्लायरच्या स्टॉलवर गिफ्ट मिळतात, आपल्या कंपनीचा नियम बघूनच घ्या, खरेदीवाल्याचं नाव तिथेच खराब होतं. परत आल्यावर आठवड्याच्या आत रिपोर्ट द्या, कोणता मुद्दा फेटाळला गेला तेही लिहा.