कंपन्या एक झाल्या, पोट्ट्यांच्या चॅनेलचं काय?

टीव्ही कंपन्या एकत्र झाल्या म्हणून कार्टून बंद होणार, ही आवई यवतमाळपासून गोंदियापर्यंत फिरते आहे. निम्मी पत्रं त्याचीच आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून आज एवढंच.

प्रश्न : नातू मोटू-पतलू लागल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. रिलायन्स आणि डिस्ने एक झाले, आता निक बंद होणार असं चावडीवर म्हणतात. खरं आहे का? (आजोबा, घाटंजी)

नाही. निक आधी रिलायन्सच्या वायकॉम१८ कडे होती, डिस्ने चॅनेल आणि हंगामा डिस्नेच्या स्टारकडे. १४ नोव्हेंबर २०२४ ला दोन्हीकडचा व्यवहार पूर्ण झाला आणि आता सगळं जिओस्टार या एकत्र कंपनीकडे आहे. निक हे नाव अमेरिकेच्या पॅरामाउंटचं, ते इथे परवान्यावर वापरतात. मोटू-पतलू तयार करणारी कंपनी तिसरीच, कॉसमॉस-माया. म्हणजे नाव एकाचं, चॅनेल दुसऱ्याचं, कार्टून तिसऱ्याचं. एक मालक बदलला म्हणून तिन्ही गोष्टी बुडत नाहीत. २०१२ पासून चालणारं कार्टून कोणी फुकट सोडत नाही. जेवताना टीव्ही लावायचा की नाही, ते मात्र घरच्या आजींना विचारा.

प्रश्न : हंगामा सरकारनेच विकायला लावली असं ऐकलं. मग शिनचॅन कुठे दिसणार? (गृहिणी, कारंजा लाड)

ऐकलेलं अर्धवट आहे. कंपन्या एक होताना बाजारात एकाचीच दादागिरी होऊ नये, हे बघायला भारतीय स्पर्धा आयोग आहे. आयोगाने २८ ऑगस्ट २०२४ ला मंजुरी दिली ती अटींवर. सात चॅनेल सोडून देण्याची तयारी कंपन्यांनीच दाखवली होती. त्यांत हंगामा, सुपर हंगामा होत्या आणि कलर्स मराठीही होती. निक, सोनिक, डिस्ने आणि हंगामा एकाच हातात गेल्या तर पोट्ट्यांच्या टीव्हीवर दुसऱ्याला जागा किती उरते, याचा विचार करा म्हणजे अट कळेल.

पण मालक बदलणं वेगळं आणि चॅनेल बंद पडणं वेगळं. हंगामा २००४ मध्ये यूटीव्हीने काढली आणि दोनच वर्षांत डिस्नेने घेतली. तेव्हाच्या लेकरांना पत्ताही लागला नाही. कार्टूनं तर बिऱ्हाड बदलतच असतात. ऑगी आणि झुरळं निकवर दिसली, कार्टून नेटवर्कवर दिसली, सोनी यायवरही दिसली.

आणि नुसत्या बातमीवर काही ठरवू नका. झी आणि सोनीचं विलीनीकरण २०२१ पासून गाजत होतं, जानेवारी २०२४ मध्ये मोडलं. साखरपुड्याच्या बातमीवर आपल्या दारात मांडव घालायचा नसतो. आज तुमच्या डिशवर काय दिसतं, ते ऑपरेटरच्या चालू यादीतच बघा.

प्रश्न : एक माणूस येऊन म्हणाला, कंपन्या एक झाल्यामुळे जुना बॉक्स चालणार नाही, नवा घ्या, आधार आणि मोबाईलवर आलेला नंबर द्या. द्यावा का? (शेतकरी, आर्णी)

देऊ नका. चॅनेलची मालकी बदलली म्हणून बॉक्स बदलावा लागत नाही. ओटीपी तर कोणालाच सांगायचा नाही. दिला असेल तर आज बँकेत जा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. उद्यावर टाकू नका.

प्रश्न : दोन लेकरांसाठी किड्स पॅक घेतला. आता बिल वाढलं. एजंट म्हणतो विलीनीकरणामुळे वाढलं. (शिक्षक, सडक अर्जुनी)

तुम्ही पाठवलेला बिलाचा फोटो पाहिला. किड्स पॅक कुठे आहे त्यात? तुमच्या नावावर कुटुंब पॅक चढवलेला आहे. त्यात लेकरांची चार चॅनेल आणि खाली क्रीडा, इंग्रजी सिनेमे, दोन परभाषी चॅनेल. बिल त्याने फुगलं, विलीनीकरणाने नाही.

नियम समजून घ्या. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामकाच्या व्यवस्थेत पैसे भरून मिळणारं प्रत्येक चॅनेल सुटं घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल पॅकमध्ये घालता येत नाही आणि पॅकवर दिलेल्या सवलतीलाही मर्यादा आहे. बिलात दुसरा भाग असतो नेटवर्क शुल्काचा, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवण्याच्या पैशाचा. त्यावरची वरची मर्यादा २०२४ मध्ये काढली, म्हणून ऑपरेटर-ऑपरेटरमध्ये फरक दिसतो. वर १८ टक्के जीएसटी.

विलीनीकरणाचा धोका आहे, पण तो पुढचा आहे. एका कंपनीकडे शंभराहून अधिक चॅनेल आली की न बघितलेलीही बघितलेल्याच्या शेपटाला बांधून देणं तिला सोपं जातं. म्हणून सुट्या चॅनेलची बेरीज आणि पॅकची किंमत शेजारी-शेजारी लिहा. कधी पॅक स्वस्त पडतो, हेही खरं. एजंटला तोंडी विचारू नका, त्याला त्यात दलाली आहे. ग्राहक सेवेला फोन लावा, तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

प्रश्न : माझी पोट्टी शाळेत बाईंना म्हणाली, "मॅम, मेरेको प्यास लगी." घरात कोणी हिंदी बोलत नाही. एकाच कंपनीकडे सगळं गेल्यावर मराठी कार्टून आणखी कमी होतील का? (आई, पुसद)

ताई, हा प्रश्न बाकीच्यांनी का विचारला नाही, याचंच मला नवल वाटतं. सगळ्यांना मोटू-पतलूची चिंता, तो कोणत्या भाषेत बोलतो याची कोणालाच नाही.

तमिळमध्ये सन समूहाने २००७ मध्ये लेकरांसाठी चुट्टी टीव्ही काढली. तेलुगूत कुशी, कन्नडमध्ये चिंटू, मल्याळममध्ये कोचू टीव्ही. आपल्याकडे रामोजी समूहाने २०२१ मध्ये बारा भाषांत बालभारत आणली, त्यात मराठीही होती. तुमच्या केबलवाल्याने ती दाखवली का, हे त्यालाच विचारा. उत्तर ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

हे असं का होतं? टीव्ही कोण किती बघतो हे बार्क नावाची संस्था मोजते. जाहिरातींचा पैसा त्या आकड्यांवर फिरतो. त्या हिशेबात दक्षिणेची राज्यं सोडून उरलेला देश म्हणजे 'हिंदी भाषक बाजार', आणि महाराष्ट्र त्यात धरलेला आहे. पुसदची पोट्टी आणि कानपूरची पोट्टी कंपनीच्या कागदावर एकाच रकान्यात. विदर्भाबद्दल तर मुंबईत बसलेल्यांची खात्रीच असते की यांना हिंदी येतंच. येतं ना! पण चार वर्षांच्या लेकराला आधी यावं काय?

आता विलीनीकरण. दोन कंपन्यांचे दोन डबिंग विभाग एक झाले की खर्च कुठे कापायचा हे बघितलं जातं. नवं कार्टून बनवण्याच्या मानाने मराठी आवाज देणं फार स्वस्त, तरी कात्री तिथेच आधी लागण्याची मला भीती आहे. कारण मराठी आवाज काढला म्हणून कोणी कनेक्शन तोडत नाही, तक्रारही करत नाही. पोट्टे हिंदीत बघतात आणि आपण कौतुकाने म्हणतो, "किती फाडफाड हिंदी बोलते!"

म्हणून आज रात्री एक काम करा. कार्टून चालू असताना रिमोटवरचं ऑडिओ किंवा लँग्वेजचं बटण दाबा. काही चॅनेल एकाच चित्रासोबत पाच-सहा भाषांचे आवाज पाठवतात. सोनी यायने मराठी आवाज दिलेला आहे. पडद्यावर मराठीचा पर्याय आला तर निवडा. नाही आला, तर चॅनेलने दिलाच नाही असं लगेच समजू नका. पुष्कळदा केबलवाल्याच्या यंत्रणेतून एक-दोनच आवाज पुढे सोडलेले असतात. त्याला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा. चॅनेलकडून मराठी आवाज येत असेल तर चॅनेलला लिहायची गरज नाही, नसेल तर चॅनेलला लिहा. गावातून पाचपन्नास सह्यांनी गेलेलं पत्र वेगळं वाचलं जातं. आणि ताई, घरातली गोष्ट सांगणारी आजी अजून आहे ना? तिलाही कामाला लावा.

प्रश्न : टीव्हीवरची लहान मुलांची चॅनेल बंद होणार म्हणून मोबाईलमध्ये ॲप घेऊन देऊ का? मुलगा अडीच वर्षांचा आहे, अजून नीट बोलत नाही. शेजारी म्हणतात, कार्टून बघून शिकेल. (वडील, सिंदेवाही)

कंपन्यांचा ओढा ॲपकडे आहे हे खरं. डिस्नेने ब्रिटनमधली आपली मुलांची चॅनेल २०२० मध्ये बंद केली, आग्नेय आशियातली २०२१ मध्ये. प्रेक्षक पैसे भरून ॲपवर यावेत, हा उद्देश. इथे जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं.

पण तुमचा प्रश्न टीव्हीचा नाहीच. अडीच वर्षांचं लेकरू नीट बोलत नसेल तर शेजाऱ्यांना नाही, डॉक्टरांना विचारायचं. कान तपासायचे. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना दोन वर्षांखाली पडदा नको म्हणते, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत. कार्टून प्रश्न विचारतं, पण उत्तराची वाट बघत नाही, त्यामुळे बोलणं त्यातून येत नाही. अंगणवाडीत बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट बघत बसू नका. याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात न्या आणि पुढे जिल्हा रुग्णालयात कुठे दाखवायचं ते लिहून घ्या. "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" हे वाक्य तिथे बोलू नका.

प्रश्न : फ्री डिशवर लहान मुलांची सगळी चॅनेल फुकट मिळतील का? (दुकानदार, कुरखेडा)

सगळी नाही. खासगी चॅनेल तिथे लिलावात जागा घेऊन येतात आणि जातात. पीएम ई-विद्याची इयत्तावार शैक्षणिक चॅनेल मात्र आहेत. बसवण्याआधी बसवणाऱ्याकडून चालू यादी बघा.

प्रश्न : कार्टूनमध्ये चिप्सची जाहिरात लागते. तक्रार होते का? (आई, मानोरा)

होते. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांच्या कार्यक्रमात किंवा फक्त मुलांसाठी असलेल्या चॅनेलवर चिप्स, गोड फसफसणारी पेयं यांची जाहिरात चालत नाही. चॅनेल, तारीख, वेळ लिहून १९१५ ला कळवा.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना ऑपरेटरचं नाव, पॅकचं नाव आणि बिलाचा फोटो जोडा. ग्राहक क्रमांक खोडूनच पाठवा.