जैवदीप्ती-प्रतिमांकनातील रसायनांची सुरक्षितता कशी तपासावी?

आपण विचारले आहे की, नागपुरातील आपल्या प्रयोगशाळेत उंदरांच्या जैवदीप्ती-प्रतिमांकनासाठी (म्हणजे जिवंत शरीरातून निघणाऱ्या प्रकाशाचे चित्र घेण्यासाठी) डी-ल्युसिफेरिन हे प्रकाश देणारे रसायन वापरायचे ठरले असून त्याच्या सुरक्षा माहितीपत्रकात ते धोकादायक म्हणून वर्गीकृत नसल्याचे लिहिले आहे, तर तेवढ्यावर विसंबावे का? मी याच शहरात विषविज्ञानाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या ओळीचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की, वर्गीकरण करण्याजोगी माहिती हाती नाही.

डी-ल्युसिफेरिनची प्रचलित मात्रा उंदराच्या वजनाच्या किलोमागे १५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला ३ मिलिग्रॅम, १५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे ०.२ मिलिलिटर. उंदराच्या पोटात भुकटी नव्हे, द्रावण जाते. म्हणून सामू (पीएच), निर्जंतुकता आणि एन्डोटॉक्सिन (जीवाणूंपासून येणारे विष) या गोष्टी तयार द्रावणातच तपासाव्यात. सीलेंटराझिन हे याच कामाचे दुसरे रसायन पाण्यात नीट विरघळत नसल्याने त्याच्यासोबत इथेनॉल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल जाते. अशा वेळी नुसते द्रावक दिलेला गट ठेवला नाही, तर दिसलेला परिणाम कोणाचा हे कधीच सांगता येत नाही.

पेशींवरील चाचणीत मात्र एक चूक मी वारंवार पाहिली आहे आणि एकदा स्वतःही केली आहे. पेशी जिवंत आहेत की नाहीत हे झटपट कळावे म्हणून एटीपी (जिवंत पेशीतला ऊर्जा-रेणू) मोजणारा संच वापरला जातो; पण त्यातला प्रकाश काजव्याच्या ल्युसिफरेजपासूनच येतो, म्हणजे ल्युसिफेरिनपासून प्रकाश निर्माण करणाऱ्या विकरापासून (एन्झाइमपासून). तपासायचे रसायन या विकराला अडवत असेल, तर ठणठणीत पेशीही मेलेल्या भासतात, आणि विहिरीत (चाचणी-पट्टीतल्या पेशींच्या खळग्यात) ल्युसिफेरिन उरलेले असेल तर आकड्यांचा भरवसा राहत नाही. आरोपीलाच साक्षीला उभे करण्याचा हा प्रकार आहे. त्याऐवजी एमटीटी (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारी) किंवा एलडीएच (मेलेल्या पेशींतून गळणारे विकर मोजणारी) चाचणी करावी, पेशीविरहित विहिरींत रसायन घालून पार्श्वभूमीचे वाचन घ्यावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी डोळ्यांनी पाहाव्यात. नव्या, बदललेल्या ल्युसिफेरिनसाठी एम्स चाचणीही (रसायन जीवाणूंच्या जनुकांत बदल घडवते का, हे पाहणारी) हवी. जनावरांवरील काम अर्थातच संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनंतरच.

आता आपल्या स्वतःच्या सुरक्षिततेविषयी, कारण प्रश्नात ते नव्हते. त्या खोलीत माणसाला अधिक जपावे लागते ते आयसोफ्लुरेनपासून, जे उंदराला भूल देण्यासाठी वापरतात. (हे भूलद्रव्य ल्युसिफरेजलाही अडवते, त्यामुळे सर्व गटांत त्याचे प्रमाण सारखे ठेवावे.) मे महिन्यातल्या आपल्या उन्हात प्रतिमांकनाची खोली दारे-खिडक्या लावून थंड ठेवली जाते, पण भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तो खोलीतलीच हवा फिरवतो. निकास-नळी बाहेर सोडावी, ते शक्य नसल्यास भूलद्रव्याची वाफ शोषणारा कोळशाचा डबा वापरावा आणि प्रत्येक वापरानंतर त्याचे वजन वहीत नोंदवावे. उत्पादकाने सांगितलेली वजनवाढ झाली की तो त्याच दिवशी बदलावा.