पाणी २९ अंश असेल तर स्कुबा डायव्हिंगला वेटसूट लागतो का?

हो, वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) पातळ का होईना, ३ मिमीचा तरी घालाच. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. उतरताना कोमट वाटलेल्या पाण्यातही पाऊण तासाने हुडहुडी भरू शकते, दिवसातल्या तिसऱ्या डाइव्हला तर हमखास. शिवाय प्रवाळात फायर कोरल असतं: पिवळसर-तपकिरी, टोकं पांढुरकी, दिसायला अगदी साधं. उघडा गुडघा नुसता घासला तरी भयंकर आग होते, पुरळ कित्येक दिवस जात नाही. (सूट आहे म्हणून प्रवाळाला टेकू मात्र नका, ते मोडतं.) एकच छोटी डाइव्ह असेल आणि तुम्हाला सहसा थंडी वाजत नसेल, तर पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा पातळ, घट्ट शर्ट) आणि लेगिंग्जवर भागतं. वेटसूट तरंगतो, त्यामुळे खाली जाण्यासाठी कमरेला बांधतात ती वजनं थोडी वाढवावी लागतील. ती उथळ पाण्यातच तपासून घ्या.