कुंडीतल्या पेरूवर काळी, पांढऱ्या ठिपक्यांची, वाकून चालणारी अळी आहे. कसली? हाताला खाज येईल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

खाज येणार नाही, खुशाल हातावर घ्या. टोचणारे केसच नसतात तिला.

वर्णनावरून ही हायपोसिड्रा तलाका या पतंगाची लहान अळी वाटते. भारतापासून इंडोनेशियापर्यंत आढळणारी जात. आसाम आणि उत्तर बंगालच्या चहामळ्यांत तिचा मोठा उपद्रव आहे, पण ती इतर कितीतरी झाडांचा पालाही खाते.

चाल मात्र जवळून बघाच. पुढे पायांच्या तीन जोड्या, मागे टोकाला दोन, मधे काहीच नाही. म्हणून मागचं टोक ओढून पुढच्या पायांशी आणते, पाठीची कमान होते, मग पुढचं अंग लांबवते. अगदी वितीने फांदी मोजल्यासारखं! अशा अळीला आपल्याकडे उंटअळी म्हणतात. धक्का लागला की काडीसारखी ताठ होते. येऊरच्या पायथ्याशी माझ्या गॅलरीत अशी एक होती, मी वाळकी डहाळी समजून तोडायला गेले होते.

वाढताना ठिपके फिकटतात, रंग तपकिरी होतो, मग मातीत उतरून कोष करते. पतंगही तपकिरी, पुढच्या पंखांची टोकं आकड्यासारखी वळलेली. मादी नरापेक्षा मोठी.

फवारणी कृपा करून नको. दोन-चार अळ्या हाताने वेचता येतात, उरलेल्या बुलबुल-दयाळ टिपतात. एखादी बरणीत ठेवा: तळाला ओलसर माती, तोंडाला मलमल, रोज पेरूचं ताजं पान. पतंग निघाला की फोटो टाका, ओळख पक्की करू.