आजीचं पायमशीन मिळालंय, पण भागांची नावंच पाठ होत नाहीत. कुठून सुरुवात करू?

नावं राहू देत, आधी दोऱ्याच्या मागे जा. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच शिवण शिकवते आणि प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी दोरा न ओवता वहीच्या रेघांवर टाके घालायला लावते. पाय बसायला वेळ लागतो. वरचं चाक कायम आपल्याकडेच फिरलं पाहिजे. उलटं गेलं की पुढे दोरा अडकून तुटतो.

मग दोरा घ्या. रिळावरून तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, दोन चकत्यांमधून जातो, तिथून वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून सुईकडे. सुईला एका अंगाला लांब खाच असते, त्याच अंगाने ओवायचं. खाली शटल, म्हणजे टोक असलेला हलणारा भाग, त्यात डबी, डबीत बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ. आता सुईशेजारची सरकती पट्टी उघडा आणि चाक हाताने हळूहळू फिरवा. सुई तळाला जाऊन जराशी वर उठते, तेवढ्यात दोऱ्याचा फास पडतो. शटलचं टोक तो पकडून बॉबिनभोवती नेतं आणि वरची दांडी दोरा ओढून घेते. हा एक टाका. चार-पाच वेळा बघितलंत, की कुठला भाग कशासाठी आहे ते विचारावं लागत नाही.

मी शिकत होते तेव्हा कापडाखाली दोऱ्याचं जाळं व्हायचं. दोन दिवस मी डबीचा स्क्रू पिळत बसले. चूक वर होती: फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग, खाली न सोडताच शिवत होते. फूट वर असला की चकत्या सैल सुटतात. म्हणून ओवताना फूट वर, शिवताना खाली. गुंता खाली दिसला तरी आधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवा, डबीला हात नंतर. डबीचा ताण बघायचा तर ती दोऱ्याला लटकवा; आपोआप घसरू नये, हलका झटका दिला की थोडीशी उतरावी.

सुई साध्या सुती कापडाला १४ नंबर, पातळ कापडाला ११, जीनसारख्या जाड कापडाला १६ किंवा १८. बॉबिन भरताना चाकाच्या मधला स्क्रू सैल करा, म्हणजे सुई हलत नाही.

तेल मात्र मशीनचंच. खोबरेल घालू नका, ते थंडीत थिजतं आणि सगळं जाम होतं. आजीचं मशीन बरीच वर्षं बंद असेल, तर कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा सुताचा भुगा ब्रशने काढा, तेल घाला, दोरा काढून आणि फूट वर ठेवून पंधरा मिनिटं रिकामं चालवा. फूट खाली राहिला तर दाते त्याला घासतात. पहिले टाके जुन्या चादरीच्या तुकड्यावर घाला, सुटलेलं तेल त्यातच टिपलं जातं.