पीआरटीवाय वाढवण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मेनफ्रेमवर महत्त्वाचा जॉब (म्हणजे मशीनला दिलेलं काम) अडकला, तू पीआरटीवाय, म्हणजे जॉबची प्रायॉरिटी, १५ करून पाहिलं, तरी काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. जेईएस२ मध्ये, म्हणजे जॉब रांगेत लावणाऱ्या भागात, हा ० ते १५ चा आकडा जॉबला इनिशिएटर (जॉब सुरू करून देणारी जागा) कधी मिळेल एवढंच बघतो. आपल्या आर्वीच्या जिनिंगवर ट्रॅक्टर आधी गेटात शिरला म्हणून कापूस आधी खाली होतो का? आत काट्याची रांग वेगळीच असते.

जॉब सुरू झाला की पुढे वर्कलोड मॅनेजरचं राज्य. चालू कामांना सीपीयू वगैरे वाटून देणारा हा भाग १९९४ साली एमव्हीएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आला. आपण त्याला फक्त लक्ष्य सांगायचं: या सर्व्हिस क्लासचे (एकच लक्ष्य असलेल्या कामांच्या गटाचे) ९० टक्के व्यवहार अर्ध्या सेकंदात व्हावेत, महत्त्व १ ते ५ पैकी अमुक. १ म्हणजे सर्वांत वर. साधारण दर १० सेकंदांनी तो परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणजे लक्ष्य कितपत गाठलं जातंय त्याचा आकडा, तपासतो. हा आकडा १ च्या वर गेला की लक्ष्य हुकतंय. मग मॅनेजर खालच्या कामाची सीपीयूसारखी साधनं काढून वरच्याला देतो. म्हणून साहेब फोनवर कितीही तापले तरी सगळंच महत्त्व १ वर चढवू नकोस. सगळेच वर बसले, तर तो काढणार कुणाकडून? सकाळपर्यंत झालं तरी चालेल असं बॅचचं काम डिस्क्रेशनरीतच, म्हणजे लक्ष्य नसलेल्या, उरलंसुरलं मिळणाऱ्या गटातच राहू दे.

जॉब थांबला की आधी एसडीएसएफ, म्हणजे जॉबची स्थिती दाखवणारा स्क्रीन, उघड. तो इनपुट क्यूत आहे की चालू आहे? लॉगमध्ये आयईएफ०९९आय हा मेसेज दिसला, तर जॉब डेटासेटची (मेनफ्रेमवरच्या फाइलची) वाट बघतोय. तिथे प्रायॉरिटी काय करणार? डी जीआरएस,सी ही कमांड देऊन डेटासेट कुणी धरलाय ते बघ. बऱ्याचदा कुणीतरी टीएसओवर, म्हणजे लॉगिन करून काम करायच्या सोयीत, तोच डेटासेट उघडा ठेवून जेवायला गेलेला असतो, आणि तुझ्या जॉबला तो डिस्प ओल्डने, म्हणजे एकट्यालाच, हवा असतो. त्या माणसाला फोन लाव, बस्स.

खरंच सीपीयू मिळत नसेल, तरच रीसेट कमांड देऊन सर्व्हिस क्लास बदल, तोही सीनियरला विचारून. हा बदल त्या एका रनपुरताच असतो, उद्या जॉब परत जुन्याच क्लासमध्ये येईल. तू गावातून रात्रपाळी करतोस, पावसात विजेचा फिडर कधी बंद पडेल नेम नाही. कुठला जॉब, कुठल्या क्लासमधून कुठे, हे जोडीदाराला तेव्हाच कळवत जा.

त्या जॉबची क्लास आणि सुरू-संपल्याच्या वेळा लिहून पाठव, आपण मिळून बघू.

तुझा,
काका